माईकची मागची बाजू

आमच्या घरात एके काळी तीन माईक होते आणि तिघांनाही मायनं नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. एक कोळशेवाला, दुसरा खडीसाखर आणि तिसरा पट्टीवाला. माळ्याच्या घरात माईक कशाला, हे त्या वेळी आमच्या आळीतल्या प्रत्येकानं विचारून झालं होतं, तेव्हा तुम्हीही विचारलंत तर मला राग येणार नाही. आमचा धंदा फुलांचा. अमरावतीच्या बाहेर विहिरीवरचा मळा, त्यात मोगरा, शेवंती, झेंडू आणि बांधाच्या कडेनं वांगी-मिरच्या. गावात माळीपुऱ्यात लहानसं घर, त्याच्या ओसरीवर उजाडायच्या आत हार ओवायला बसायचं. त्या ओसरीचा ओला वास अजून माझ्या नाकात आहे. ओली गोणपाटं, हार बांधायचं केळीचं सोपट, मोगरा, आणि आतून येणारा भाकरीचा धूर. माझं नावही शेवंता. मागून आणखी एक बहीण झाली असती तर तिचं नाव झेंडू ठेवलं असतं, असं माझा भाऊ किसनदादा म्हणायचा.

या किसनदादाचं मन फुलांत कधी रमलं नाही. हार ओवायला बसवलं तर दोरा कुठून कुठे जातो हे पाहत बसायचा, फूल राहून जायचं. तो अकोल्याला एका सिनेमाघरात मशीनवर काम शिकला आणि परत आला तो भोंगे घेऊनच. लग्नं, सभा, कीर्तनं, सगळीकडे त्याचा भोंगा. पुढे ते सिनेमाघर बंद पडलं तेव्हा मालकाकडची रेकॉर्डची प्लेट कापायची मशीन त्याच्याकडे आली. जात्याच्या तळीसारखी जड तबकडी, तिच्यावर काळी कोरी प्लेट ठेवायची, आणि माईकमधून आवाज आला की सुई त्या प्लेटवर रेघ कापत जायची. कापताना काळा बारीक दोरा निघायचा, तो ब्रशनं बाजूला सारावा लागे. मशीनबरोबर एक ट्रंक होती आणि ट्रंकेत हे तिघं.

कोळशेवाल्याच्या पोटात कोळशाची भुकटी होती. त्याच्यातून आवाज यायचा तो मागे कढईत भजी तळत असल्यासारखा, आणि मधूनच गप्प झाला की त्याला टपली मारावी लागे. खडीसाखरेच्या आत म्हणे एक खडा होता, पारदर्शक. मायनं पहिला प्रश्न केला, “याले मुंग्या लागत नाईत का?” तिसरा पट्टीवाला चांगला दुधीभोपळ्याएवढा, हातात घेतला की मनगट दुखायचं. त्याच्या जाळीच्या आत पेढ्यावरच्या वर्खासारखी पातळ पट्टी टांगलेली. दादानं आम्हाला सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की हा पुढूनही ऐकतो आणि मागूनही ऐकतो, तेवढंच ऐकतो, पण डाव्या-उजव्या बाजूंनी ठार बहिरा आहे. माय भाकरी थापता थापता म्हणाली, “म्हन्जे तुह्या बासारखाच निंगाला. समोरून हाक मारा, मागून मारा, आयकते. बाजूले बसून घरातलं काही सांगतलं का बहिरा.” बा बाजूलाच बसला होता. त्यानं ऐकलं नाही.

आता बाबद्दल सांगायलाच हवं. माझा बाप, लक्ष्मण माळी, घरात जेवढा मुका तेवढा मळ्यात बोलका. विहिरीवर मोट चालायची. एक जण बैल हाकायचा आणि दुसरा पार टोकाच्या वाफ्याशी पाण्याची वाट बघत उभा राहायचा. शेवटचा वाफा भरला की टोकावरच्यानं ओरडायचं, “पोचलं!” मग इकडे बैल थांबायचे. ही आरोळी द्यायला बा कायम टोकावर. त्याचा आवाज तीन मळे ओलांडून जायचा, लोक त्यावर आपापली कामं आटपत. मी मळ्यात रियाज करायची, मोटेच्या कुरकुरीवर सूर लावून, आणि एखादा सूर नेमका लागला की टोकावरून तीच आरोळी यायची, “पोचलं!” बैल थांबायचे. बैल हाकणारा सखारामकाका वैतागून म्हणायचा, “अरे पानी पोचलं का पोट्टीचं गानं पोचलं, एकदाचं सांग ना बाप्पा!” बाला रागांची नावं कधी पाठ झाली नाहीत. पण नको त्या ठिकाणी तो कधी ओरडल्याचं मला आठवत नाही.

माझे गुरू नारोबुवा. एकटे राहायचे, देवळाच्या मागच्या गल्लीत. रोज पूजेची फुलं न्यायला स्वतः आमच्या ओसरीवर यायचे. हार ओवता ओवता मी काहीबाही गुणगुणत होते ते त्यांनी ऐकलं आणि बाला म्हणाले, “लक्ष्मणा, फुलं उद्यापासून हिच्या हातून पाठव. येईल तेव्हा तासभर बसेल.” एवढ्यावर माझी शिकवणी सुरू झाली. माळ्याची पोर बुवांच्या समोर तंबोरा घेऊन बसते, याची चर्चा दोन्ही गल्ल्यांत झाली. पुढे लोकांना दुसरे विषय मिळाले. बुवांचा आवाज मोठा नव्हता, पण खाली खर्जात गेला की विहिरीत वाकून बोलल्यासारखा भरायचा. तरुणपणी त्यांना एका रेकॉर्ड कंपनीनं बोलावलं होतं. तिथं एका बंद खोलीत त्यांना भोंग्याच्या तोंडाशी उभं करून, जोरात गा, लवकर संपवा, असं सांगितलं. रेकॉर्ड निघाली ती ऐकून बुवांना घाम फुटला. कुणीतरी चिमटीत नाक धरून गातंय, असं. चहाच्या दुकानांत ती वाजायला लागली आणि बुवांनी रस्ते बदलले. तेव्हापासून यंत्रापुढे गाणं बंद.

आणि मला तर त्यांचा आवाज हवा होता. माझं लग्न ठरलं होतं बाळापूरला, वैशाखातलं. सासरची माणसं चांगली, शेतीची, पण त्या घरात गाणं म्हणजे लग्नातली वाजंत्री. बाळापूर काही परदेशात नव्हतं, पण त्या काळी पोर सासरी गेली की सणावारालाच परत यायची आणि बुवा काही बाळापूरला यायचे नव्हते. मी रोज त्यांच्यासमोर बसून उठायची तेव्हा मनात यायचं, हे आता संपणार. सूर चुकला तर पुन्हा बघायचं कुठे? मला दागिने नको होते, भांडी नको होती. मला बुवांची तोडी माझ्याबरोबर न्यायची होती. मी दादाला तसं सांगितलं, दादानं मशीनकडे बघितलं, आणि आम्ही दोघं बुवांकडे गेलो.

बुवांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “रामनवमीला अकोल्याच्या राममंदिरात मी गातोच. तू आण तुझं यंत्र. पण किसन, प्लेट आधी मी ऐकणार. माझा आवाज असला तर पोरीला दे. नसला तर ह्या काठीनं मी स्वतः फोडीन. पुन्हा एकदा दुसऱ्याच्या आवाजात मी चहाच्या दुकानात बसणार नाही.” दादा लगेच हो म्हणाला. त्याला त्या वेळी कोणत्याही गोष्टीला हो म्हणायची घाई असे.

मग आला प्रश्न, तिघांतला कोणता माईक न्यायचा. दादानं एक प्लेट परीक्षेसाठी काढली. आमच्या घरात वीज नव्हती, शेजारच्या पिठाच्या गिरणीतून तार ओढून आणली, आणि गिरणी बंद असायची तेवढ्या वेळात त्या प्लेटवर एकाशेजारी एक असे तीन पट्टे कापले, प्रत्येक माईकचा एक. प्रत्येकासमोर मी तोडीचे तेच चार सूर लावले आणि मायनं एक वाक्य बोलायचं ठरलं. काय बोलावं हे मायला सुचेना. शेवटी तिन्ही वेळा ती म्हणाली, “अवो, अंबाडीची भाजी झाली, जेवाले या.” आणि तिन्ही वेळा बा उठून हात धुवायला निघाला.

कोळशेवाला पहिल्याच फेरीत बाद झाला. खडीसाखर वाजली तेव्हा माय हरखली. अक्षर न् अक्षर स्वच्छ, आणि मागे बांगड्यांचा आवाज. “पाय बरं, माह्या बांगड्याही वयखू येऊन राह्यल्या,” असं तिनं शेजारणीला बोलावून ऐकवलं. पट्टीवाल्याचा आवाज मंद, बटण पार फिरवावं लागलं, पण माझा खालचा सूर त्यात बूड टेकून बसला होता आणि सूर संपल्यावरचा माझा श्वासही होता. मी म्हटलं, हाच. खडीसाखरेत खर्ज टाचा उचलून उभा राहिल्यासारखा वाटतो, बुवा तो ऐकतील आणि काठी उचलतील. दादा म्हणाला, “तुले काय, तू तंबोरा घेऊन बसशीन. हा मागूनही आयकते. अकोल्याचे लोक मागं बसतीन, खोकतीन, पानं खातीन, पोट्टे रडतीन, ते सारं प्लेटीवर येईन. बुवाचा आवाज धराचा हाय का अकोल्याचा?” आमचं इतकं वाजलं की बाला मध्ये घ्यावं लागलं. त्यानं डोळे मिटून दोन्ही पट्टे पुन्हा ऐकले. मग म्हणाला, “खडीसाखरीत पोट्टी दारात उभी राहून गाऊन राह्यली. पट्टीवाल्यात ते घरात येऊन बसली.” म्हणजे माझ्या बाजूनं. पण लोकांचं काय करायचं हे बालाही सांगता येईना, आणि मशीन दादाची. खडीसाखर ठरली. पट्टीवाला नुसता सोबत घेतला, मी रुसू नये म्हणून.

अकोल्याच्या त्या राममंदिराशी आमचं नातं आजोबांच्या नवसापासूनचं. रामनवमीचा पाळणा आमच्या मोगऱ्यानं सजायचा, आणि दुपारी बाराला जन्म झाला की उधळायची फुलंही आमचीच. त्यामुळे आदल्या दिवशी आमची वरात बडनेऱ्याहून गाडीत बसायची. टोपल्याच टोपल्या, वर ओली गोणपाटं, डब्याभर मोगऱ्याचा घमघमाट, आणि सोबतीला मायच्या धपाट्यांचा आणि ठेच्याचा डबा. त्या वर्षी त्यात मशीन, ट्रंक आणि बुवा. निघताना माय म्हणाली, “किसना, तो साखऱ्या फुलाच्या टोपलीत ठेव, थंडा राहीन.” दादा म्हणाला, “ओल लागली का मरते तो, माय.” आणि त्यानं खडीसाखर पत्र्याच्या ट्रंकेत नीट कापसात गुंडाळून ठेवली. अकोल्याचा चैत्र ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. स्टेशनावरून जुन्या शहरापर्यंत ट्रंक टांग्याच्या टपावर, नंतर देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं खडीसाखर जोडली, समोर टिचकी वाजवली, टाळी वाजवली, शेवटी तिच्या नावानं शिवी घातली. काही नाही. पुढे कितीतरी वर्षांनी एका रेडिओवाल्यानं मला सांगितलं की तसला खडा उन्हात तापला की कायमचा मुका होतो. आम्हाला काय ठाऊक. बानं तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, “ओल लागली का मरते, ऊन लागलं का मरते. हा तं मोगऱ्याहून नाजूक हाय. असं पीक आपुन घेत नसतो.”

राहिला पट्टीवाला. दादाचा चेहरा पडला आणि मी, खरं सांगते, मनातून खूश झाले. पण मंडपात जाऊन बघितलं तर दादाचं भय काही खोटं नव्हतं. बुवांची बैठक गाभाऱ्यासमोर, आणि माईकच्या मागच्या तोंडासमोर अवघं अकोला. कापसाचे दलाल, वकील मंडळी, खेड्यांवरून आलेले लोक, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, आणि सगळे एकमेकांची विचारपूस करत होते, तीही मोठ्यानं. दादानं तबला माईकच्या बहिऱ्या बाजूला बसवला. वाऱ्यानं पट्टी फाटते म्हणून पंखे हलवणाऱ्यांना बसवून ठेवलं, त्यांनी फुकटची विश्रांती घेतली. पण मागच्या बाजूचं काय? तेव्हा बाच म्हणाला, “टोपल्या लावू का?”

जन्माला उधळायच्या फुलांच्या टोपल्या भरलेल्या होत्या. आम्ही त्या माईकच्या मागे एकावर एक रचल्या, माणसाच्या छातीएवढी भिंत केली आणि तिच्यावर ओली गोणपाटं टाकली. दादानं कानाला यंत्र लावून ऐकलं आणि पहिल्यांदा हसला. अकोला निम्म्याहून दूर गेलं होतं. मात्र भिंत डुगडुगत होती, आणि दुपारपर्यंत फुलं कोमेजू नयेत म्हणून गोणपाटावर पाणीही मारत राहायला हवं होतं. ते काम बाचं. भिंतीच्या आतल्या बाजूनं, टोपल्यांना पाठ लावून, पाण्याचा गडवा घेऊन तो बसला. माईकच्या मागच्या तोंडासमोर, हाताच्या अंतरावर. हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. खोकणारे, रडणारे, पान खाणारे सगळे दादानं हिशेबात धरले होते. बा आमच्या लेखी श्रोत्यांत जमाच नव्हता, तो फुलांत जमा होता.

बुवा आले, बसले, समोरच्या पट्टीवाल्याकडे बघून म्हणाले, “हा कोण?”

“यानं तुमचं गाणं धराचं हाय, बुवा,” दादा म्हणाला.

“जेवला का हा?” बुवांनी विचारलं, आणि माझ्याकडे बघून तंबोरा सुरू करायची खूण केली.

त्या सकाळी बुवा काय गायले हे मी लिहू शकत नाही, लिहिता आलं असतं तर प्लेट कशाला हवी होती. तोडी ते फार हळू उघडायचे. मशीन एकच, त्यामुळे प्लेट भरली की दादा ती उलटायचा आणि तेवढ्या वेळात जे गायलं गेलं ते हवेत गेलं. मी मागे बसून तंबोरा छेडत होते आणि दादा प्लेट उलटायला लागला की माझा जीव वरखाली व्हायचा, बुवांनी आता चांगलं काही घेऊ नये असं वाटायचं. असा विचार करणारी शिष्या मीच. तिसऱ्या प्लेटीवर सुई टेकली आणि बुवा वरच्या षड्जावरून उतरायला लागले. तोडीचा तो कोमल गंधार, त्याला नुसतं बोट लावल्यासारखं करून ते खाली सरकले, आणखी खाली, आणि खर्जात जाऊन थांबले. मंडप गप्प झाला. एक पोरगंही रडलं नाही. सुई त्या शांततेची रेघ कापत होती आणि तेवढ्यात फुलांच्या भिंतीआतून, पट्टीवाल्याच्या मागच्या तोंडात, तीन मळे ओलांडणाऱ्या आवाजात आरोळी आली.

“पोचलं!”

दादानं कपाळावर हात मारला. मंडपात हसू पसरलं, मग दोन-चार जणांनी तीच दाद उचलली, “पोचलं, बुवा, पोचलं!” बुवा मात्र मान डोलावून पुढे गात राहिले. बारा वाजता जन्म झाला, गुलाल उडाला, टोपल्या रिकाम्या झाल्या. दादानं आपला सदरा काढून पट्टीवाल्याला पांघरला आणि उघड्या अंगानं सुंठवडा खाल्ला.

परतीच्या गाडीत दादा आणि बा एकमेकांशी बोलले नाहीत. घरी आल्यावर दादानं प्लेटा लावून बघितल्या. पहिल्या दोन ठीक होत्या, पण तिसरी म्हणजे सोनं होती, बुवांचा खर्ज खोलीत येऊन बसत होता, आणि नेमका त्याच्यावर बा बसला होता. माईकला सगळ्यात जवळचा तोच. बुवा गात होते आणि बा कानात ओरडत होता. “मले बुवाचा आवाज धराचा होता, बा. तुमचा नाई,” दादा म्हणाला. बानं मोगऱ्याच्या कळ्या निवडता निवडता, मान वर न करता उत्तर दिलं, “त्याईनं पोचवलं, म्या सांगतलं. वाफा भरला अन् सांगतलंच नाई तं पानी वाया जाते.” पण हे बोलण्यापुरतं. त्या दिवसांत तो जेवताना भाकरी कुस्करत बसायचा. एकदा मायला हळूच म्हणताना मी ऐकलं, “पोट्टीनं एकच गोठ मांगतली होती.” मला रडू आलं. मी बाहेर जाऊन त्याच्याजवळ बसले आणि कळ्या निवडायला लागले.

दादाचं म्हणणं, बुवांना दोनच प्लेटा ऐकवाव्या, तिसरी कोपऱ्यात ठेवावी. मी नको म्हटलं. बुवांचा खरा आवाज तिसरीत होता. फुटली तर फुटली, पण त्यांनी तो ऐकायलाच हवा होता.

बुवा आले ते सकाळचे, काठी टेकत. मायनं त्यांच्यासाठी वाफवलेल्या डाळीचे फुणके आणि कढी केली होती. आधी ऐकतो, मग जेवतो, म्हणाले. पहिली प्लेट लागली. बुवा भिंतीकडे तोंड करून बसले होते, काठी मांडीवर आडवी. दुसरी लागली. मी काठीकडे बघत होते. तिसरी लावायच्या वेळी बा उठला आणि परसात गेला. सुई टेकली. बुवा वरून उतरायला लागले, गंधार आला, गेला, खर्ज आला, आणि बानं आरोळी दिली.

बुवांनी हात वर केला. दादानं सुई उचलली.

“पुन्हा लाव,” बुवा म्हणाले.

दादानं पुन्हा लावली. पुन्हा तेच सगळं झालं. बुवा म्हणाले, “लक्ष्मण कुठे आहे? बोलाव त्याला.”

बा दारात येऊन उभा राहिला. “बुवा, माह्या जिभेले हाड नाई,” तो म्हणाला. “पोट्टीची प्लेट खराब झाली. फोडा तुमी, पन रागावू नका तिच्यावर.”

“बस इथं,” बुवा म्हणाले. बा उंबऱ्यावरच बसला. बुवा सावकाश बोलायला लागले, शिकवताना बोलत तसे. “मला माझा आवाज ठाऊक नाही, लक्ष्मणा. गाणाऱ्याला तो बाहेरून कधी ऐकू येत नाही. समोरच्याच्या तोंडावर जेवढा दिसतो तेवढा. त्या कंपनीच्या खोलीत समोर कोण होतं? एक साहेब, तो घड्याळ बघत होता. म्हणून मी कुणासारखा गायलो ते मलाच कळलं नाही. आता ह्या दोन प्लेटा ऐकल्या, बऱ्या वाटल्या. पण हा मीच कशावरून? मला सांगता येईना. मग तू ओरडलास. तुझं हे ओरडणं मी ओसरीवर ऐकलंय, मळ्यात ऐकलंय, अकोल्याला दर वर्षी ऐकतो. ते जिथं येतं तिथं मी नीट गायलेला असतो. म्हणजे हा मीच.” त्यांनी काठी बाजूला ठेवली. “किसन, फोडायची नाही. तिन्ही पोरीला दे. आणि वहिनी, कढी वाढा, निवली असेल.”

निवली होतीच. बानं मात्र त्या दिवशी चार फुणके जास्त खाल्ले आणि दादाशी बोलायला लागला.

मी बाळापूरला त्या प्लेटा घेऊन गेले, आणि एक जुना ग्रामोफोन, दादानं दुरुस्त करून दिलेला. लोखंडी सुई लावली तर या प्लेटा लवकर झिजतात, असं त्यानं बजावलं होतं, म्हणून मी कुंपणाच्या बाभळीचे काटे तासून लावायची. सासूबाईंना वाटायचं सून करणी करते. आमच्या ह्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण तिसरी प्लेट लागली की शेत सोडून यायचे आणि तो खर्ज आला की बाच्या आधीच ओरडायचे, “पोचलं!” आमचा संसार असा चांगला झाला. बुवा दुसऱ्या वर्षी गेले. बा पुष्कळ वर्षांनी गेला, मळ्यातच, टोकाच्या वाफ्याशी.

काटा लावला काय आणि मखमल लावली काय, काळी प्लेट झिजायची ती झिजलीच. आधी तंबोरा गेला, मग तबला, मग बुवांचे वरचे सूर. परवा माझा नातू आला होता. तो मैफिली ध्वनिमुद्रित करतो. त्याच्याकडे बोटाच्या पेराएवढे माईक आहेत, ते कुठं लावायचे यावर त्याचं त्याच्या मित्रांशी भांडण चालतं, ते ऐकलं की मला दादा आणि मी आठवतो. त्यानं तिसरी प्लेट नेली आणि कॉम्प्युटरवर घालून आणली. बरीचशी खरखर, तिच्यातून खोल कुठेतरी बुवांच्या खर्जाची चाहूल, आणि मग एकदम, जवळून, जणू उंबऱ्यावर बसून, माझा बाप.

नातू म्हणाला, “आजी, मध्ये कुणीतरी ओरडलंय. तेवढं काढून टाकू का? बाकीचं थोडं साफ होईल.”

बाचा एक फोटो आहे आमच्याकडे, माझ्या लग्नातला, त्यात त्यानं डोळे मिटलेत. आवाज त्याचा कुणी कधी धरून ठेवायचा विचारही केला नव्हता, माळ्याचा आवाज कोण धरतं. मी बुवांचा आवाज न्यायला निघाले होते आणि उभा जन्म माझ्याबरोबर बा होता. मी नातवाला म्हटलं, तो राहू दे. साफ करताना बाकीचं सगळं गेलं तरी चालेल. बुवांना राग येणार नाही, त्यांनीच ती प्लेट पसंत केली होती.